तरंगत्या बर्फाचा अडसर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी ३१ वर्षे मुंबईतल्या एका शाळेत भूगोल शिकवला. शिक्षकाच्या हातून चुका होतातच. कधी एखाद्या नदीचा उगम भलत्याच डोंगरावर दाखवला जातो, कधी फळ्यावर राजधानीचे नाव चुकते. अशा चुका दुसऱ्या दिवशी वर्गात सुधारता येतात. एक चूक मात्र सुधारायची राहून गेली, आणि ज्या मुलाला मी ते उत्तर दिले तो शाळा सोडून केव्हाच निघून गेला. आजचे हे बोलणे त्या उत्तराबद्दल आहे.

२००२ सालचा मार्च महिना होता. वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली. वर्तमानपत्रांत बातमी होती, की अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यालगतचा ‘लार्सन बी’ नावाचा बर्फाचा प्रचंड पट्टा फुटून समुद्रात विखुरला. नववीच्या वर्गातला एक मुलगा ते कात्रण घेऊन आला. तो वरळीच्या कोळीवाड्यातून यायचा, वडिलांची होडी होती. त्याने विचारले, ‘‘सर, एवढा बर्फ समुद्रात गेला, म्हणजे आता पाणी वर येणार का?’’

भूगोलाच्या शिक्षकाला असा प्रश्न म्हणजे पर्वणीच. मी शाळेबाहेरच्या गोळेवाल्याकडून बर्फ मागवला, त्याचे खडे काचेच्या पेल्यात टाकले, पाणी ओतले आणि पाण्याच्या पातळीवर पेनने रेघ मारली. तास संपत आला तेव्हा बर्फ विरघळला होता आणि पाणी बरोबर रेघेवर होते. मी सांगितले, ‘‘हा आर्किमिडीजचा नियम. तरंगणाऱ्या बर्फाने आपल्या वजनाइतके पाणी आधीच बाजूला सारलेले असते. तो वितळला तरी पातळी जिथल्या तिथे. लार्सन बी तरंगतच होता. वडिलांना सांग, काळजी नको.’’

मुलगा खाली बसला नाही. म्हणाला, ‘‘पण सर, त्या बर्फाच्या मागे काय आहे?’’

‘‘मागे जमिनीवरचा बर्फ. तो आपल्या जागी आहे,’’ मी म्हणालो, आणि घंटा झाली.

माझा प्रयोग बरोबर होता. समुद्राचे पाणी खारे आणि हा बर्फ गोड्या पाण्याचा, त्यामुळे किंचित फरक पडतो, पण तो सोडून देण्यासारखा. दुसरे उत्तर मात्र साफ चुकीचे होते. मी ते देत होतो त्याच आठवड्यांत तो मागचा बर्फ आपल्या जागेवरून निघण्याच्या बेतात होता. त्या मुलाने नेमका जो प्रश्न विचारला तो शास्त्रज्ञांना पडायला आणि सुटायला दीडशेहून अधिक वर्षे लागली होती. ती हकीकत मी पुढे सवडीने वाचत गेलो. तीच आज सांगतो.

आधी हा बर्फ म्हणजे काय ते पाहू. अंटार्क्टिका हा खंड जवळजवळ सगळा बर्फाखाली आहे. त्या बर्फाची सरासरी जाडी दोन किलोमीटरच्या आसपास. तो दगडासारखा बसून नसतो. परातीत ओतलेली दाट काकवी जशी हळूहळू कडेकडे पसरते, तसा हा बर्फ स्वतःच्याच वजनाने समुद्राकडे सरकत असतो. त्याच्या सरकणाऱ्या प्रवाहांना आपण हिमनद्या म्हणतो. किनारा आला की बर्फ जमीन सोडतो आणि पाण्यावर तरंगू लागतो, पण मागच्या बर्फाशी जोडलेलाच राहतो. अशा तरंगत्या पट्ट्याला म्हणतात आइस शेल्फ. शेल्फ म्हणजे फळी. भिंतीत एक कड रोवलेली, बाकीची पुढे आलेली, तशी ही बर्फाची फळी. तिची जाडी शेकडो मीटर असते. हिमनग वेगळा. फळीचा तुकडा सुटून मोकळा झाला की त्याचा हिमनग होतो.

ही फळी इतिहासात नीट नोंदली गेली ती १८४१च्या जानेवारीत. ब्रिटिश नौदलाचा कप्तान जेम्स क्लार्क रॉस ‘एरेबस’ आणि ‘टेरर’ ही दोन शिडाची जहाजे घेऊन दक्षिणेला निघाला होता. उत्तरेकडचा चुंबकीय ध्रुव त्याने १८३१ सालीच गाठला होता, आता दक्षिणेकडचा गाठून जोडी पुरी करायची होती. तरंगत्या बर्फाच्या गर्दीतून वाट काढत तो मोकळ्या समुद्रात आला. तिथे बर्फाच्या राज्यात धूर ओकणारा एक ज्वालामुखी दिसला. त्याला त्याने आपल्या जहाजाचे, एरेबसचे, नाव दिले. आणि त्याच ज्वालामुखीच्या पायथ्यापासून पूर्वेकडे नजर पोचेल तिथवर एक पांढरी भिंत उभी होती. पाण्याच्या वर दीडशे ते दोनशे फूट उंच. माथा रंधा मारल्यासारखा सपाट. शिखर नाही, खिंड नाही. रॉसने तिच्या कडेकडेने शेकडो किलोमीटर जहाजे नेली. आत शिरायला वाट मिळाली नाही.

त्याने भिंतीला राणी व्हिक्टोरियाचे नाव दिले. ते टिकले नाही. टिकले ते दुसरे नाव, ‘बॅरियर’. अडथळा. आज आपण त्या फळीला रॉस आइस शेल्फ म्हणतो. ती जगातली सर्वांत मोठी फळी आहे, महाराष्ट्राच्या दीडपटीहून मोठी. मला गंमत वाटते ती त्या जुन्या नावाची. रॉसला तो अडथळा बाहेरच्यांना आत येऊ न देणारा वाटला. शिडाच्या जहाजावरच्या माणसाला दुसरे काय वाटणार? खरे तर तो आतल्याला बाहेर येऊ न देणारा अडथळा होता. आपल्याकडे वाड्याच्या दाराला आतून आडवा अडसर घालत, तसा. नाव बरोबर पडले होते, दिशा उलटी होती.

पुढची साठ वर्षे तिकडे फारसे कोणी फिरकले नाही. मग रॉबर्ट स्कॉटची पहिली मोहीम आली, १९०१ ते १९०४ची. त्या लोकांनी बॅरियरवर अन्नाचा एक साठा खूण करून ठेवला होता. साडेतेरा महिन्यांनी पुन्हा मोजमाप केले तर साठा साडेपाचशे मीटर पुढे गेलेला. कोणी हलवला नव्हता. पायाखालची जमीन समजून ज्यावर ते उभे होते ती सगळीच समुद्राकडे चालली होती. भरती-ओहोटीबरोबर ती वरखाली होते हेही लक्षात आले. म्हणजे खाली पाणी आहे. इतके कळले, पण या चालण्याचा समुद्राच्या पातळीशी संबंध असेल हे कोणाच्या मनात यायचे कारण नव्हते. सगळ्यांचे डोळे ध्रुवाकडे लागले होते.

त्या शर्यतीची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. अमुंडसेनने आपला तळ बॅरियरच्या कडेलाच, व्हेलांच्या उपसागरात ठोकला. रॉसच्या काळापासून तो उपसागर साधारण तिथेच दिसत आला होता, तेव्हा इथला बर्फ खाली जमिनीला टेकलेला असावा, असा त्याचा हिशेब. १४ डिसेंबर १९११ रोजी तो ध्रुवावर पोचला आणि सुखरूप परतला. हिशेब मात्र चुकीचा होता. बर्फ तरंगताच होता, आणि १९८७ साली तिथून बी-९ हा अवाढव्य हिमनग सुटला तेव्हा तो उपसागर नाहीसा झाला. स्कॉट आणि त्याचे दोन सोबती मार्च १९१२ अखेर बॅरियरवरच गेले, अन्नाच्या मोठ्या साठ्यापासून अवघ्या अकरा मैलांवर. नोव्हेंबरमध्ये शोधपथकाला त्यांचा तंबू सापडला. पथकाने तंबूचे बांबू काढून घेतले, तो त्यांच्यावरच पडू दिला आणि वर बर्फाचा ढिगारा रचला. तेव्हापासून वर बर्फ साचतो आहे आणि खालची फळी चालते आहे. ती तिघे आजही समुद्राच्या दिशेने प्रवासात आहेत.

ज्याच्या नावाने माझी चूक झाली तो लार्सन याच काळातला. कार्ल अँटन लार्सन हा नॉर्वेचा दर्यावर्दी, देवमाशांच्या शिकारीचा माणूस. १८९३ साली ‘जेसन’ जहाजावरून तो अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या पूर्व किनाऱ्याने गेला. हे द्वीपकल्प म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडे वर आलेली खंडाची शेपटी. त्या किनाऱ्यालगतची फळी पुढे त्याच्या नावाने ओळखली गेली. उत्तरेकडून दक्षिणेकडे तिचे भाग पाडले, लार्सन ए, बी, सी अशी अक्षरे दिली. १९०२च्या ऑक्टोबरात स्वीडनचा ओटो नोर्डेनश्योल्ड दोन सोबत्यांसह याच बर्फावरून घसरगाड्या ओढत दक्षिणेला गेला होता. त्यांच्या वाटेचा बराचसा भाग आज नकाशात समुद्र म्हणून दाखवावा लागतो.

आता १९५७ सालात येऊ. त्या वर्षी आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्ष सुरू झाले. शीतयुद्धाचे दिवस असूनही बारा देशांनी अंटार्क्टिकावर तळ उघडले. बर्फावर छोटे स्फोट करायचे आणि खालच्या खडकावरून परतणाऱ्या लाटांचा वेळ मोजून जाडी काढायची, असे काम चाले. पश्चिम अंटार्क्टिकावर अमेरिकेच्या चार्ल्स बेंटली यांच्या चमूने हे मोजमाप केले तेव्हा एक विलक्षण गोष्ट पुढे आली. बर्फाचा तळ समुद्रसपाटीच्या वर नव्हता, पुष्कळ ठिकाणी खूप खाली होता. एका दरीत तर अडीच हजार मीटर खाली. म्हणजे हा बर्फ डोंगरमाथ्यावर बसलेला नाही. तो समुद्राच्या खोल वाटीत भरलेला आहे, आणि केवळ जाड आणि जड म्हणून तळाला टेकून आहे. वाटीची कड ओलांडून कोमट पाणी आत शिरले तर?

हा प्रश्न ज्याने धरून ठेवला तो माणूस जॉन मर्सर. मूळचा इंग्रज, अमेरिकेत ओहायो राज्य विद्यापीठात काम करणारा हिमशास्त्रज्ञ. सुमारे सव्वा लाख वर्षांपूर्वी, मागच्या उबदार युगात, समुद्र आजच्यापेक्षा सहा मीटर किंवा त्याहून वर होता याच्या खुणा जगभरच्या किनाऱ्यांवर आहेत. एवढे पाणी आले कुठून? मर्सरने १९६८ साली सुचवले की पश्चिम अंटार्क्टिकाचा बर्फ तेव्हा गेलेला असावा. दहा वर्षांनी, जानेवारी १९७८मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात त्याचा लेख आला. त्याच्या मथळ्यात सरळ संकटाचा इशारा होता. कोळसा आणि तेल असेच जळत राहिले आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला, तर हा बर्फ ढासळू शकेल आणि समुद्र पाच मीटर चढेल, असे त्याने लिहिले.

आणि त्याने ओळखण्याची खूणही देऊन ठेवली. संकट जवळ आल्याची पहिली सूचना द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावर मिळेल. तिथल्या तरंगत्या फळ्या उत्तरेकडून फुटायला लागतील आणि फुटणे हळूहळू दक्षिणेकडे सरकेल.

शास्त्रज्ञ सहसा असे बोलत नाहीत. ‘शक्य आहे’, ‘अधिक अभ्यास हवा’ अशा शब्दांच्या आड उभे राहतात, आणि ते त्यांच्या जागी योग्यही असते. मर्सर उघड्यावर उभा राहिला. पुष्कळांना ते भडक वाटले. तरंगती फळी मागच्या बर्फाला खरोखर अडवून धरते की नुसती पुढे लोंबते, यावरच तज्ज्ञांत एकमत नव्हते. गणिते दोन्ही बाजूंनी मांडली जात होती. पडताळायला मार्ग एकच, एखादी फळी जावी आणि मागे काय होते ते पाहावे. मर्सर १९८७ साली वारला. त्याला ते पाहायला मिळाले नाही.

त्यानंतर आठ वर्षांनी, जानेवारी १९९५मध्ये, लार्सन ए फुटला. उत्तरेकडचा. सात वर्षांनी लार्सन बी. त्याच्या दक्षिणेकडचा.

लार्सन बी कसा गेला ते उपग्रहाने जवळजवळ रोज टिपले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात द्वीपकल्पावरची हवा बरीच तापली होती. उन्हाळ्यात फळीच्या माथ्यावर बर्फ वितळून निळी तळी साचत. हे पाणी खालच्या भेगांत उतरे. पाणी बर्फापेक्षा जड, त्यामुळे भेगेत भरलेले पाणी पाचरीसारखे काम करते. लाकूडतोड्या ओंडक्यात पाचर ठोकतो, तशी भेग खाली खाली फाटत जाते. अशा शेकडो भेगा आरपार गेल्या. ३१ जानेवारी २००२ला सुरू झालेली पडझड ३५ दिवस चालली. सुमारे ३,२५० चौरस किलोमीटरची, २२० मीटर जाडीची फळी तुकडे तुकडे होऊन गेली. गोवा राज्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर आहे. त्याहून थोडा लहान मुलूख पाच आठवड्यांत नकाशावरून गेला, असे समजा. ७२,००० कोटी टन बर्फ. समुद्रतळाचा गाळ काढून तपासला तेव्हा दिसले, की ही फळी दहा हजारांहून अधिक वर्षे अखंड उभी होती.

यातल्या एका थेंबानेही समुद्र वर आला नाही. माझा पेला इथवर खरा होता.

पण आता तो प्रयोग घडून गेला होता, ज्याची हिमशास्त्रज्ञ वाट पाहत होते. मागच्या हिमनद्यांचे काय झाले? लार्सन एच्या मागे काय घडले ते अर्जेंटिनाचे एर्नान दे आंजेलिस आणि पेद्रो स्क्वार्का यांनी २००३ साली दाखवले होते. हिमनद्या जोराने पुढे आल्या होत्या. २००४ साली लार्सन बीबद्दल दोन स्वतंत्र चमूंचे निबंध आले, एक टेड स्कॅम्बोस यांच्या चमूचा, दुसरा एरिक रिन्यो यांच्या. हेक्टोरिया, ग्रीन आणि एव्हान्स या हिमनद्यांचा वेग २००३पर्यंत आठपटीपर्यंत वाढला होता. क्रेन हिमनदी तिपटीने पळत होती. हेक्टोरियाचा पृष्ठभाग सहा महिन्यांत कुठे कुठे ३८ मीटरपर्यंत खाली बसला, म्हणजे दहा-बारा मजली इमारतीइतका. आतला बर्फ ओघळून बाहेर चालला होता.

सर्वांत बोलका पुरावा मात्र ज्या हिमनद्या पळाल्या नाहीत त्यांचा. फ्लास्क आणि लेपर्ड या दोन हिमनद्या त्याच किनाऱ्यावर, त्याच हवेत, थोड्या दक्षिणेला. त्यांच्यापुढे लार्सन बीचा एक उरलेला तुकडा शिल्लक होता. त्यांचा वेग वाढला नाही. एका वाड्याच्या दोन दारांपैकी एकाचा अडसर निघाला आणि दुसऱ्याचा राहिला, तर गर्दी कुठल्या दाराने बाहेर पडली हे पाहून अडसराचे काम कळते. यापेक्षा स्वच्छ प्रयोग निसर्ग क्वचितच करून दाखवतो. वाद मिटला.

हे वाचले तेव्हा मला तो मुलगा आठवला. ‘‘त्या बर्फाच्या मागे काय आहे?’’ मी ज्याला ‘आपल्या जागी आहे’ म्हणालो होतो, तो बर्फ जमिनीवरचा. तो समुद्रात आला की पाणी वर येते. तिथे आर्किमिडीज मदतीला येत नाही.

इथे थोडे तारतम्य ठेवले पाहिजे. लार्सन बीच्या मागच्या हिमनद्या लहान आहेत. त्यांच्याने समुद्र मिलिमीटरच्या अंशानेच चढला. अंटार्क्टिकाने १९९२ ते २०१७ या पंचवीस वर्षांत २ लाख ७२ हजार कोटी टन बर्फ गमावला, आणि त्याने जगाचा समुद्र साडेसात मिलिमीटरच्या आसपास चढला. आजवर समुद्र चढला आहे तो मुख्यतः पाणी तापून फुगल्याने, डोंगरांवरच्या हिमनद्या आणि ग्रीनलंडचा बर्फ वितळल्याने. अंटार्क्टिकाची पाळी आत्ता कुठे सुरू होते आहे. पण त्याच पंचवीस वर्षांत पश्चिम अंटार्क्टिकाचा बर्फ जाण्याचा वेग तिप्पट झाला, हीही त्याच हिशेबातली ओळ आहे.

लार्सन बीने शिकवलेला धडा लगेच अंगी लागला असेही नाही. २००७ साली हवामानविषयक आंतरसरकारी मंडळाचा चौथा अहवाल आला. शतकाअखेर समुद्र १८ ते ५९ सेंटिमीटर चढेल, असा त्यात आकडा होता. तो जगभर छापून आला. हिमनद्या अचानक वेगाने वाहू लागल्या तर काय, हे मात्र त्या आकड्यात धरलेलेच नव्हते, कारण ते गणित अजून नीट मांडता येत नव्हते. अहवालात तशी स्पष्ट कबुलीही होती. आकडा गावभर फिरला आणि कबुली पानातच राहिली. २०२१च्या सहाव्या अहवालात वरची मर्यादा एक मीटरपर्यंत गेली, आणि प्रदूषण फारच वाढले तर दोन मीटरही अगदी अशक्य म्हणता येत नाही, असे त्यात म्हटले आहे.

ही सगळी अनिश्चितता ज्या एका जागेभोवती फिरते तिचे नाव थ्वेट्स. पश्चिम अंटार्क्टिकाची ही हिमनदी समुद्राला मिळते तिथे सुमारे १२० किलोमीटर रुंद आहे, मुंबई-पुण्याच्या सरळ अंतराएवढी. बेंटलींना सापडलेल्या त्या खोल वाटीची ही एक कड. टेरी ह्यूज या हिमशास्त्रज्ञाने १९८१ सालीच थ्वेट्स आणि शेजारची पाइन आयलंड या दोन हिमनद्यांना पश्चिम अंटार्क्टिकाची दुखरी बाजू म्हटले होते. इथे वरून तळी साचण्याची गरज नाही. खोल समुद्रातले थोडे उबदार पाणी खालून फळीला कुरतडते. उबदार म्हणजे शून्याच्या वर एखादा अंश, पण बर्फाला तेवढे पुरते. आणि तळ आत जावा तसा आणखी खोल होत जातो, त्यामुळे बर्फ मागे हटला की त्याला टेकायला पुढची जागा अधिक अवघड मिळते. थ्वेट्स पूर्ण गेली तर जगाचा समुद्र ६५ सेंटिमीटर, म्हणजे दोन फूट चढेल. हे उद्या-परवा होणार नाही. पुष्कळ दशके, कदाचित शतके लागतील. ते थांबवता येईल का, यावर मात्र आज तज्ज्ञांत एकमत नाही.

लार्सन बीच्या जागेचे पुढे काय झाले तेही सांगतो. २०११पासून त्या उपसागरात समुद्राचे गोठलेले पाणी, पातळच पण घट्ट, वर्षानुवर्षे टिकून राहिले. तेवढ्या पातळ बर्फानेही हिमनद्यांना थोपवून धरले. जानेवारी २०२२मध्ये तो फुटला. त्याच वर्षाच्या अखेरीस हेक्टोरिया दोन महिन्यांत सुमारे आठ किलोमीटर मागे हटली. त्याआधी, मार्च २०२२मध्ये, पूर्व अंटार्क्टिकात काँगर नावाची फळी कोसळली. पूर्वेकडचा बर्फ भक्कम समजला जातो. फळी लहान होती, पण बातमी लहान नव्हती.

आपला या फळ्यांशी संबंध काय, असे कोणी विचारील. तो आपल्या समजुतीपेक्षा जुना आहे. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून ‘पोलर सर्कल’ या नॉर्वेच्या जहाजातून निघाली. डॉ. एस. झेड. कासिम यांच्यासह एकवीस जण होते. दोन वर्षांनी, तिसऱ्या मोहिमेत, आपण ‘दक्षिण गंगोत्री’ हा पहिला तळ उभारला, तो अशाच एका तरंगत्या फळीवर. काही वर्षांतच तो बर्फाखाली गाडला गेला आणि १९९०मध्ये सोडून द्यावा लागला. तोवर ‘मैत्री’ हा दुसरा तळ उभा राहिला होता, आणि तो मुद्दाम खडकावर बांधला होता. आपल्या ध्रुवीय संशोधनाचे मुख्य केंद्र आजही गोव्यातच, वास्कोला आहे.

दुसरा संबंध अपोलो बंदराचा. गेटवेला फिरायला जाणाऱ्या फारच थोड्यांना ठाऊक असते, की तिथे १८७८पासून समुद्राच्या पातळीची नोंद होत आली आहे. हिंदी महासागरात इतकी लांब नोंदवही दुसरीकडे क्वचितच मिळेल. या आणि अशा जुन्या नोंदींवरून गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवले, की विसाव्या शतकात आपल्याकडचा समुद्र वर्षाला एक ते पावणेदोन मिलिमीटर चढत होता. उपग्रहांच्या मोजणीनुसार जगाची सरासरी १९९३च्या सुमारास वर्षाला दोन मिलिमीटर होती, २०२३पर्यंत साडेचारच्या घरात गेली.

तिसरा संबंध न्यूटनने जोडून दिलेला आहे. अंटार्क्टिकावरचा बर्फ इतका अवजड, की तो आपल्या गुरुत्वाने आसपासचा समुद्र स्वतःकडे ओढून धरतो. बर्फ गेला की ओढ सुटते. तिथले पाणी उतरते आणि लांबच्या किनाऱ्यांवर सरासरीपेक्षा जास्त चढते. पश्चिम अंटार्क्टिकाच्या बाबतीत २००९ साली हे गणित मांडले गेले, तेव्हा सर्वांत जास्त चढ दोन ठिकाणी निघाला, उत्तर अमेरिकेचा किनारा आणि हिंदी महासागर. अंटार्क्टिका आपल्यापासून फार दूर आहे, असे मी वर्गात दिलासा म्हणून सांगत असे. दूर असणे हीच इथे अडचण आहे.

निवृत्त झाल्यावर मी तो पेल्याचा प्रयोग नातीला करून दाखवला, पण या वेळी दोन पेले घेतले. एकात बर्फाचे खडे टाकून पाणी काठोकाठ भरले. दुसरा पेलाही काठोकाठ भरला, त्यावर चहाची गाळणी ठेवली आणि बर्फ गाळणीत ठेवला, पाण्याच्या वर. मग आम्ही दोघे कॅरम खेळत बसलो. पहिला पेला होता तसाच राहिला. दुसऱ्यातून थोड्या वेळाने पाणी ओघळायला लागले, टेबलाच्या कडेपर्यंत आले आणि खालच्या वर्तमानपत्रावर टपटपू लागले. नात फडके आणायला उठली, आणि जाता जाता तिने गाळणीतला उरलेला बर्फ उचलून तोंडात टाकला.